बिल्ल्याची पाठ

सैनिकाच्या टोपीवरील बिल्ल्याला दोन बाजू असतात. दर्शनी बाजू कवायतीच्या मैदानासाठी, वरिष्ठांच्या नजरेसाठी आणि घरी पाठवावयाच्या छायाचित्रासाठी असते. ती रोज घासली जाते, उजळली जाते, आणि तिच्यावरील एखादा काळा डागही शिक्षेला कारण होऊ शकतो. पाठीमागच्या बाजूची मात्र कोणी विचारपूस करीत नाही. कारागिराने ती जशी सोडली तशीच ती राहते. म्हणूनच जुन्या लष्करी बिल्ल्यांचा जाणकार बिल्ला हाती येताच प्रथम काय करतो, तर तो पालथा करून पाहतो. पलटणीचे नाव त्याला पुढून कळते. परंतु तो बिल्ला कोठे घडला, कोणत्या टंचाईत घडला आणि खरोखर कोणाच्या डोक्यावर होता की नाही, हे त्याला पाठ सांगते.

लष्करी बिल्ल्यांचा विषय निघाला म्हणजे जबलपूरचे स्मरण व्हावे हे स्वाभाविक आहे. नर्मदेच्या परिसरातील हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या हातून १८१७ साली इंग्रजांकडे गेले आणि पुढे तेथे मोठी छावणी वसली. तोफांचे गाडे बनविणारा तेथील कारखाना १९०४ सालचा आहे. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत उभा राहिला. लष्करी संदेशवहनाचे शिक्षण देणारे केंद्र तर त्याहून जुने. आज त्या केंद्राबरोबरच ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन पलटणींची केंद्रेही जबलपुरातच आहेत. त्यामुळे या एका गावात तीन निरनिराळ्या परंपरांचे बिल्ले रस्त्याने चालताना दिसतात, आणि जुन्या बाजारातील भंगाराच्या ढिगातून त्यांचे पूर्वजही अधूनमधून वर येतात.

यांपैकी ग्रेनेडियर्सचा बिल्ला पाहिला तर इतिहास कसा आडवाटेने प्रवास करतो याची गंमत वाटते. पेटलेल्या हातगोळ्याची पितळी आकृती, आणि त्या गोळ्याच्या पोटावर एक घोडा. हा घोडा ना शिवकालीन, ना राजपुतान्याचा. तो जर्मनीतील हॅनोव्हरच्या राजघराण्याचा पांढरा घोडा आहे. १७१४ साली हॅनोव्हरचा अधिपती पहिला जॉर्ज या नावाने इंग्लंडच्या गादीवर बसला, आणि १८३७ पर्यंत दोन्ही गाद्यांचा धनी एकच राहिला. त्या अवधीत हा घोडा इंग्रजी पलटणींच्या निशाणांवर चढला आणि तेथून मुंबई इलाख्याच्या ग्रेनेडियर पलटणींपर्यंत पोहोचला. राजमुकुट गेला, इंग्रज गेले, तरी घोडा राहिला. महायुद्धातील जर्मन टोपीचिन्हे जगभरचे हौशी लोक मोठ्या किमतीने जमवितात. त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की एक जुने जर्मन चिन्ह जबलपूरच्या छावणीत भारतीय शिपाई आजही अभिमानाने मिरवितो.

परंतु चिन्ह काय आहे हा एक प्रश्न आणि ते घडले कसे हा दुसरा. येथे या दुसऱ्या प्रश्नाचाच विचार कर्तव्य आहे.

धातूचा बिल्ला मुख्यतः दोन रीतींनी तयार होतो. एक ठशाचा, दुसरा ओतीव. ठशाच्या पद्धतीत पोलादावर आकृती उलटी कोरून ठसा तयार करतात. सुमारे मिलिमीटरभर जाडीचा पितळी पत्रा त्यावर ठेवून वरून भारी घणाचा आघात करतात. पत्रा ठशात शिरतो आणि पुढे जो उंचवटा उठतो त्याचाच खळगा पाठीवर उमटतो. अक्षरांमधील व आकृतीमधील मोकळ्या जागा दुसऱ्या यंत्राने तोडून काढतात. त्या कडा आतून सरळ आणि स्वच्छ असतात. मग पाठीला दोन कड्या किंवा एक उभी पट्टी डाख देऊन जोडतात. कड्या असतील तर टोपीच्या कापडाला दोन छिद्रे पाडून त्या आत घेतात आणि त्यांतून पिन ओवतात. पट्टी असेल तर ती टोपीच्या घडीत खोचतात. बर्मिंगहॅमच्या जे. आर. गाँट, लंडनच्या फर्मिन यांसारख्या नामांकित पेढ्यांचे काम असे असे. एका ठशातून हजारो नग निघत आणि पहिल्यात व हजाराव्यात साध्या डोळ्यांना फरक दिसत नसे.

ओतीव पद्धत आपल्या ओताऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. देवघरातील समई, घंटा, बाळकृष्णाची मूर्ती ज्या हातांनी ओतली त्याच हातांना बिल्ला ओतणे काय अवघड? दमट रेतीत नमुन्याचा बिल्ला दाबून साचा घ्यावयाचा, मुशीत पितळ वितळवून ओतावयाचे, थंड झाल्यावर रेती झाडून कडा कानशीने साफ करावयाच्या. असा बिल्ला पाठीला सपाट असतो, हाताला जड लागतो. रेतीच्या कणांनी त्याचा पृष्ठभाग किंचित खरबरीत असतो आणि भिंगातून पाहिले तर हवेच्या बुडबुड्यांची टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतात. अक्षरांमधील मोकळी जागा एक तर भरून गेलेली असते किंवा कानशीने कोरलेली. कोणतेही दोन नग तंतोतंत सारखे नसतात.

संदेशवाहकांच्या बिल्ल्यावरील बुध देवतेची आकृती या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. रोमन पुराणातील हा देवांचा दूत. जाम्बोलोन्या या शिल्पकाराच्या प्रसिद्ध मूर्तीवरून ती आकृती घेतलेली. शिपायांनी तिचे नाव 'जिमी' ठेवले. हा जिमी एका पायाच्या चवड्यावर उभा आणि दुसरा पाय मागे हवेत. कल्पना सुंदर; पण ओताऱ्याच्या दृष्टीने तो सडपातळ पाय म्हणजे संकटच! वितळलेले पितळ तेथे पोहोचण्यापूर्वी थिजू शकते, आणि पोहोचले तरी तो भाग पहिल्याच धक्क्याला मोडण्याचा संभव. ओतणाऱ्याने पाय थोडा जाड करावा, यावाचून गत्यंतर नसते. जिमीच्या पोटरीकडे पाहूनच तो ठशाचा की ओतीव याचा अर्धा निवाडा होतो.

आता प्रश्न असा, की नामांकित पेढ्यांचे रेखीव बिल्ले मिळत असताना ओतीव बिल्ल्याची गरजच काय पडली? उत्तर युद्धात आहे. युद्ध प्रथम धातू खाते. तांबे काडतुसांना हवे, जस्त काडतुसांना हवे, निकेल पोलादाला हवे. बिल्ला हा सैन्याच्या गरजांच्या यादीत अगदी तळाशी. म्हणून टंचाईची पहिली झळ त्यालाच लागते. पहिल्या महायुद्धात १९१६ साली ब्रिटनने दुरंगी बिल्ले थांबवून सबंध पितळेचे काढले, कारण पांढऱ्या भागाला निकेल लागे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या सुमारास त्याच देशाने पितळही सोडले आणि प्लॅस्टिकचे बिल्ले काढले. पितळेच्या जागी तपकिरी, चांदीच्या जागी राखी. शिपायांना ते मुळीच रुचले नाहीत. घासून चमकवावे तर चमकत नाहीत, आणि मागच्या जिभा वाकवल्या की तुटतात. आज मात्र हेच नावडते प्लॅस्टिक संग्राहकांना प्रिय झाले आहे.

जर्मनीची कथा याहून बोलकी. तेथील सैनिकाच्या टोपीवरील गरुड सुरुवातीला तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा देऊन किंवा जर्मन सिल्व्हरचा करीत असत. या जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा लवलेशही नसतो. तांबे, निकेल आणि जस्त एवढेच. मग तांबे आणि निकेल आटले आणि गरुड ॲल्युमिनियमचा झाला. मराठी घरांत ॲल्युमिनियमच्या भांड्याला 'जर्मनचे भांडे' म्हणण्याचा प्रघात होता. भाषेने सहज केलेली ती गंमत येथे अक्षरशः खरी ठरली. पुढे विमानांनी ॲल्युमिनियमही ओढून घेतले, तेव्हा उरले ते जस्त. जस्ताचा गरुड राखाडी, ठिसूळ. त्याला दिलेला मुलामा काही वर्षांतच फुगून सुटू लागतो. कापडी चिन्हांचेही तेच. १९४३ साली नवी फील्ड टोपी आली तेव्हा पूर्वी स्वतंत्र असलेला गरुड आणि त्याखालचे गोल राष्ट्रचिन्ह ही दोन्ही एकाच तुकड्यावर विणू लागले. एक शिवण वाचली, थोडे सूत वाचले. नाझी पक्षाच्या गणवेशाचे सामान तर एका मध्यवर्ती कार्यालयाच्या परवान्याने तयार होई आणि त्याच्या पाठीवर त्या कार्यालयाची आद्याक्षरे, 'आर. झेड. एम.', तसेच उत्पादकाचा क्रमांक उमटविलेला असे. नकली माल करणाऱ्यांची फजिती पुष्कळदा येथेच होते. ते आकृती हुबेहूब साधतात आणि क्रमांक मात्र भलत्याच वस्तूच्या उत्पादकाचा घालून बसतात. किंवा युद्धाच्या अखेरची नक्षी युद्धापूर्वीच्या धातूवर उठवितात.

याविषयी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. त्या गरुडाच्या पंजात जे चिन्ह आहे ते आपल्या उंबऱ्यावरील मांगल्याचे स्वस्तिक नव्हे. लाखो निरपराधांच्या संहाराशी ते जोडले गेले आहे. खुद्द जर्मनीत त्याचे जाहीर प्रदर्शन कायद्याने गुन्हा ठरते. धातू, ठसा आणि डाख यांचा अभ्यास करणाऱ्याने आपण काय हाताळीत आहोत याचा विसर पडू देता कामा नये.

हिंदुस्थानात काय घडले? १९३९ साली भारतीय सैन्य सुमारे दोन लाख होते. १९४५ पर्यंत ते पंचवीस लाखांच्या आसपास गेले. एवढ्या डोक्यांना टोप्या, फेटे आणि त्यांवर बिल्ले हवेत. इकडे १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर भूमध्य समुद्राची वाट धोक्याची झाली. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. त्या जहाजांत रणगाडे भरावेत की बर्मिंगहॅमचे बिल्ले? निवड उघड होती. शिवाय युद्धकाळात नव्या पलटणी उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी विलायतेत ठसे कोरून घेण्यास सवड कोठली? तेव्हा छावण्यांच्या बाजारपेठांतील कारागिरांकडे काम आले. विलायती बिल्ल्याचा एक नग पुढे ठेवावयाचा, तो रेतीत दाबावयाचा आणि त्यावरून शेकडो ओतावयाचे. काहींनी पत्रा करवतीने कापून त्यावर रेघा खोदल्या. कड्या जाड तारेच्या, हाताने वळवलेल्या. डाख भरपूर आणि पसरट. हे काम ओबडधोबड होते यात संशय नाही. परंतु शिपायाने मिरविले ते हेच. आणि इटलीच्या डोंगरांत, ब्रह्मदेशाच्या जंगलांत गेले तेही हेच.

आणि येथेच खरी अडचण उभी राहते. परदेशी संग्राहकाच्या नियमावलीत पहिले कलम असे, की ठशाचा बिल्ला खरा, ओतीव बिल्ला नकली. ब्रिटिश पलटणींपुरते हे कलम बहुधा ठीक चालते. भारतीय पलटणींना ते लावले, की फार मोठा अन्याय होतो. साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या किंवा कोल्हापूरकडच्या एखाद्या घरी आजोबांच्या ट्रंकेत त्यांच्या पदकांशेजारी खरबरीत पितळेचा बिल्ला निघतो. नातू तो कोणा जाणत्याला दाखवितो. तो जाणता भिंग लावतो, बुडबुडे पाहतो आणि 'बनावट' असा शेरा मारून मोकळा होतो. नातवाच्या मनात नको ती शंका शिरते, आणि बिल्ला मोडीत जातो. उलट विलायतेत कित्येक जुने ठसे युद्धानंतर टिकून राहिले आणि त्यांवरून हौशी ग्राहकांसाठी नवे नग काढले गेले. ते रेखीव, लखलखीत आणि नियमावलीच्या प्रत्येक कलमात बसणारे. फक्त कोणत्याही शिपायाच्या डोक्याला त्यांचा स्पर्श झालेला नाही. खऱ्याला खोटे आणि खोट्याला खरे ठरविण्याचा हा प्रकार केवळ बाजारभावाचा प्रश्न नव्हे. ज्या सैनिकांविषयी कागदोपत्री फारसे काही उरलेले नाही, त्यांच्या हयातीचा एखादा पुरावाच त्यामुळे नाहीसा होतो.

मग भेद करावा कसा? कारण आजचे नकली बिल्लेही रेतीतच ओतलेले असतात, आणि तेही बाजारात जुने म्हणूनच खपतात.

एक कसोटी मापाची सांगतात. पितळ थंड होताना शेकडा दीड ते दोन इतके आकुंचन पावते. म्हणजे चाळीस मिलिमीटरच्या बिल्ल्यावरून ओतलेला बिल्ला सुमारे पाऊण मिलिमीटरने लहान निघतो. ही कसोटी अचूक आहे. पण ती फक्त एवढेच सांगते, की समोरचा नग दुसऱ्या बिल्ल्यावरून ओतला आहे. १९४३ सालच्या कारागिरानेही विलायती नमुन्यावरूनच ओतला होता आणि परवाच्या कारागिरानेही तेच केले. माप दोघांचेही कमीच येणार. तेव्हा मापावर भिस्त ठेवून निकाल देणारा मनुष्य गणितात पक्का आणि इतिहासात कच्चा म्हणावा लागतो.

खरी कसोटी झिजेची. शिपाई रोज बिल्ला घासतो. कापडाचा दाब उंचवट्यांवर पडतो. मुकुटाचे शिखर, घोड्याची पाठ, अक्षरांचे माथे गुळगुळीत होतात. खोलगट भागात मात्र रेतीचा मूळ खरखरीतपणा तसाच राहतो, आणि त्यात पॉलिशचा पांढरट-हिरवट गाळ थिजून बसतो. कडेला कानशीचे जे ओरखडे कारागिराने सोडले होते त्यांचीही धार या घासण्याने मरते. आता दुसरा नग घ्यावा. याच्याही आकृतीचा चेहरा झिजलेला आहे, नाकडोळे गेले आहेत. पण कडेचे कानशीचे ओरखडे ताजे आणि बोटाला टोचणारे. याचा अर्थ एकच. ती झीज या बिल्ल्याची नव्हे. ज्या जुन्या बिल्ल्यावरून हा ओतला त्याची झीज साच्यातून याच्या अंगावर उतरली आहे. पन्नास वर्षांचे घासणे एका दुपारी ओतले गेले! माणसाच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आणि हात मात्र तान्ह्या मुलाचे, असे दिसले तर कोणालाही संशय यावा. तसेच हे आहे.

दुसरी साक्ष कड्यांची. कडीतून पिन वर्षानुवर्षे आतबाहेर होते; त्या घर्षणाने कडीच्या आतल्या अंगाला बारीक खाच पडते. नकली माल करणाऱ्याला आकृतीची काळजी असते, कडीच्या आतले अंग घासण्याची बुद्धी त्याला सहसा होत नाही. डाखही पाहावा. जुना डाख राखाडी, मंद झालेला असतो. नवा चकचकीत असतो, आणि त्याच्या भोवती आम्लाने खाल्लेल्या पितळेचा लालसर पट्टा दिसतो. बिल्ल्याला आलेला किंचित बाकही दुर्लक्षू नये. फेट्यावर किंवा टोपीच्या गोलाईवर दाबून बसलेला पातळ बिल्ला कालांतराने त्या गोलाईचा होतो. या साऱ्या खुणांपैकी एकच एक निर्णायक नाही, हे खरे. तीनचार एकत्र आल्या म्हणजे मात्र भल्याभल्या नियमावल्या बाजूला ठेवाव्या लागतात.

काळ ठरविण्यासाठी पुढच्या बाजूचाही उपयोग होतो, आणि भारताच्या बाबतीत इतिहासाने एक फार सोपी सीमारेषा आखून दिली आहे. १९०१ साली व्हिक्टोरिया राणी निवर्तल्यानंतर बिल्ल्यांवर कमानदार राजमुकुट आला. तो पाचव्या व सहाव्या जॉर्जच्या काळीही चालू राहिला. १९५२ साली एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि ब्रिटिश बिल्ल्यांवरील मुकुटाचा आकार बदलला. त्याच्या कमानी मध्ये दबलेल्या झाल्या. पण त्यापूर्वीच, २६ जानेवारी १९५० रोजी, भारत प्रजासत्ताक झाला होता आणि मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली होती. म्हणजे भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर एलिझाबेथ राणीचा मुकुट असणे ही अशक्य कोटीतील गोष्ट आहे. असे नग विकावयास येतात, आणि ते पाहून हसावे की चिडावे हे कळत नाही. अपवाद फक्त गुरखा पलटणींचा. १९४७ च्या वाटणीत दुसरी, सहावी, सातवी आणि दहावी या चार गुरखा पलटणी ब्रिटिश सैन्यात गेल्या, तेव्हा त्यांच्या बिल्ल्यांवर राणीचा मुकुट शोभतो.

संस्थानी फौजांच्या बिल्ल्यांना मात्र हे मुकुटाचे कोष्टक लावून चालत नाही. त्या फौजा आपापल्या राजचिन्हांखाली वाढल्या. जबलपूरला केंद्र असलेली जम्मू-काश्मीर रायफल्स ही मूळची अशीच संस्थानी फौज. १९५७ साली ती भारतीय सैन्यात आली आणि हे नाव तिला १९६३ साली मिळाले. तिच्या बिल्ल्यावर सूर्य आहे.

नावांतील फेरफारही असेच उपयोगी पडतात. १९२२ च्या पुनर्रचनेत पलटणींना क्रमांक मिळाले आणि महायुद्ध संपताच ते गेले. 'चौथी बॉम्बे ग्रेनेडियर्स' किंवा 'पाचवी मराठा लाइट इन्फंट्री' असे क्रमांकासह नाव असेल तर तो बिल्ला याच दोन दशकांतला. महार पलटणीच्या बिल्ल्याचा प्रवास तर स्वतंत्र प्रकरणाचा विषय होईल. ही पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली; आज तिचे केंद्र जबलपूरच्या शेजारी, सागरला आहे. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता आणि त्यावर 'महार' ही अक्षरे. १९४६ साली ती मशिनगन पलटण झाली, तेव्हा व्हिकर्स जातीच्या दोन मशिनगन एकमेकींवर तिरप्या आल्या; पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. युद्धकाळात उभ्या राहिलेल्या या पलटणीचा स्तंभाचा बिल्ला अवघी काही वर्षे वापरात होता. म्हणूनच त्याचा खरा नग दुर्मिळ आणि नकली नग सुलभ. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेली मुंबई इलाख्याची पलटण पुढे ग्रेनेडियर्समध्ये गणली गेली, आणि त्या लढाईत महार सैनिकांनी जो पराक्रम केला त्याची आठवण सव्वाशे वर्षांनी दुसऱ्या एका पलटणीच्या टोपीवर आली. जबलपूरचा घोडा आणि सागरचा स्तंभ यांचे मूळ असे भीमेच्या काठी एकत्र येते, ही गोष्ट महाराष्ट्रातील श्रोत्यांना जिव्हाळ्याची वाटेल.

जर्मन बनावटीच्या चिन्हांचा आणि भारतीय सैनिकांचा प्रत्यक्ष संबंधही एका ठिकाणी आला. सुभाषचंद्र बोस यांच्या प्रेरणेने जर्मनीत जी आझाद हिंद फौज १९४२ मध्ये सिद्ध झाली, तिच्या सैनिकांच्या गणवेशाच्या बाहीवर केशरी, पांढऱ्या व हिरव्या पट्ट्यांची ढाल आणि तिच्यावर झेपावणारा वाघ असे. वर जर्मन भाषेत 'स्वतंत्र भारत' अशी अक्षरे. या फौजेसाठी ठरविलेली पदके व्हिएन्नातील एका पेढीने घडविली. युद्ध संपल्यावरही त्यांचे ठसे चालूच राहिले आणि त्यांतून निघालेली नवी पदके जुनी म्हणून जगभर पसरली. सुभाषबाबूंच्या नावाभोवतीची श्रद्धा पाहता भारतीय ग्राहक या जाळ्यात लवकर सापडतो. मुळात त्या फौजेत माणसे होती सुमारे तीन हजार, आणि विक्रीस येणारे वाघ त्याहून कितीतरी अधिक असावेत!

स्वतंत्र भारतात जबलपूरच्या संदेशवाहकांचा जिमी सिंहांच्या छायेखाली आला आणि त्याच्या पायाशी 'तीव्र चौकस' हे ब्रीद आले. त्याच जबलपुरात २७ फेब्रुवारी १९४६ रोजी भारतीय संदेशवाहक सैनिक कामावर बहिष्कार घालून बराकींतून बाहेर पडले होते. मुंबईच्या नाविकांचा उठाव नुकताच दडपला गेला होता, आझाद हिंद फौजेवरील खटल्यांनी मने पेटली होती, आणि जबलपूरच्या या उठावात सतराशेंहून अधिक सैनिक सामील झाल्याची नोंद आहे. त्या दिवशी त्यांच्या डोक्यावर जे बिल्ले होते त्यांवर मुकुट होता. त्यांतील किती विलायतेच्या ठशाचे आणि किती बाजारातल्या रेतीचे, हे सांगणारा कागद नाही. असे बिल्ले कोणाच्या घरी असतील तर त्यांच्या पाठी आहेत.

म्हणून ज्यांच्या घरी असा एखादा बिल्ला आहे त्यांना इतकेच सुचवावेसे वाटते, की तो चिंच किंवा ब्रासो लावून उजळू नये. खोलगट भागातील तो हिरवट गाळ पुसला गेला, की सर्वांत मोलाची साक्ष पुसली जाते. सैल झालेली कडी नव्या डाखाने जोडून घेण्याचा मोहही आवरावा. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, लांबी-रुंदी आणि वजन लिहून ठेवावे. आणि तो ज्यांनी घातला त्यांचे नाव, गाव, पलटण, भरतीचे वर्ष, आणि हे ज्यांच्या तोंडून ऐकले त्यांचेही नाव एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी बिल्ल्यासोबत, पण त्याला चिकटवून नव्हे, जाड कागदाच्या पाकिटात ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि पितळेवर हिरवा गंज चढतो; पावसाळ्यात तर फारच लवकर.